गोळी का चुकते?

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगरच्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायकोचा कोयता सांगली-कोल्हापूरकडे, सोलापूरकडे नाहीतर कर्नाटकात जातो आणि उन्हाळा लागल्यावर गावी परततो. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. क्षयाचे साधे उपचारही सहा महिन्यांचे. दसऱ्याच्या सुमारास ज्याच्या बेडक्यात जंतू सापडले, त्याला औषधाचे जवळजवळ सगळे दिवस फडातच काढायचे असतात.

तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते आणि गाडी भरेपर्यंत सुटत नाही. कोपी आज या गावच्या शिवारात, काही दिवसांनी पुढच्या. रुग्णाची नोंद मात्र गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. गोळ्या आणायला एक दिवस गेला की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. शिवाय कोयता म्हणजे दोघं. एक बसला की दुसऱ्याचं कामही अडतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तेव्हाही पाळीच्या दिवसांत पडणाऱ्या खाड्याची धास्ती पुन्हा पुन्हा समोर आली होती. जिथे बाई खाड्याच्या भीतीने पिशवी काढून टाकते, तिथे गोळ्यांच्या पाकिटासाठी कोणी दिवस मोडेल ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

नियमाने पाहिलं तर वाट आहे. सरकारच्या ‘निक्षय’ प्रणालीत एकदा नोंद झाली की ती दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात वर्ग होते आणि तिथल्या सरकारी केंद्रातून औषध मिळतं. पण त्यासाठी निघण्याआधी रुग्णाने सांगायला हवं, केंद्राने विचारायला हवं आणि पलीकडच्या केंद्रातल्या माणसाने त्याला फडात शोधून काढायला हवं. यातलं एक जरी राहिलं, तरी माणूस नोंदीतून गळतो आणि त्याच्या नावापुढे शेरा पडतो: उपचार सोडले.

हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. रुग्णाच्या हातून गोळी चुकते, तेव्हा ती बहुतेकदा आधीच चार ठिकाणी चुकलेली असते: मजुरीत, ताटात, दवाखान्यात आणि सरकारी गोदामात. आपण मात्र जवळजवळ सत्तर वर्षं फक्त रुग्णाच्या तोंडाकडे पाहत आलो आहोत.

ज्यांच्या घरात हा आजार आलेला नाही, त्यांना उपचार म्हणजे नेमकं काय असतं हे सहसा ठाऊक नसतं. पहिले दोन महिने चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. नंतरचे चार महिने पायराझिनामाइड सोडून बाकीची तीन. ही औषधं एकाच गोळीत बांधलेली असतात आणि गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलोच्या माणसाला रोज तीन, ५० ते ६४ किलोच्या माणसाला चार. रिकाम्या पोटी घेतलं तर रिफाम्पिसिन चांगलं शोषलं जातं, पण रिकाम्या पोटीच मळमळ जास्त होते. लघवी लालसर-केशरी होते, घामाला आणि डोळ्यांतल्या पाण्यालाही तो रंग येतो. हे आधी कोणी सांगितलं नसेल, तर रक्त जातंय अशा समजुतीने माणूस पहिल्याच आठवड्यात गोळ्या बंद करतो. सांगायला एक मिनिट लागतं. गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं.

मग बरं वाटू लागतं. बहुतेक जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात. ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. उरलेले थोडे जंतू निपचित पडून असतात. ते वाढत नाहीत, म्हणून औषध त्यांना चटकन लागू पडत नाही. पुढचे चार महिने आहेत ते या उरलेल्यांसाठी. म्हणजे दुसऱ्या महिन्यानंतर रुग्णाला शरीर एक सांगतं आणि डॉक्टर दुसरं. शरीराचं ऐकणाऱ्याला अडाणी म्हणायचा आपल्याला काही अधिकार नाही. प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा कोर्स तिसऱ्या दिवशी, ताप गेला म्हणून, सोडून देणारी माणसं शिकल्या-सवरलेल्या घरांतही असतात.

फरक इतकाच, की क्षयात त्याची किंमत मोठी आहे. अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून केलेलं एक विश्लेषण ‘नेचर मेडिसिन’मध्ये २०१८ साली आलं. दहांतला एक किंवा त्याहून जास्त डोस चुकलेल्यांत उपचार फसण्याचा धोका जवळजवळ सहापट निघाला. सहा महिन्यांचे, म्हणजे २४ आठवड्यांचे, १६८ डोस होतात. त्याचा दहावा हिस्सा म्हणजे सतरा दिवस. घरातलं एक लग्न, एक मयत, गावची जत्रा, दोनदा केंद्र बंद असताना संपलेल्या गोळ्या: कष्टकरी माणसाच्या सहा महिन्यांत सतरा दिवस असे सहज निघून जातात, आणि त्याने काही ‘सोडलेलं’ नसतं.

घरी राहून क्षय बरा होतो, हे जगाला दाखवलं ते आपल्याच देशाने. १९५६ मध्ये मद्रासला ट्यूबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर उभं राहिलं. आयसीएमआर, मद्रासचं राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांचा तो एकत्र उपक्रम होता, आणि त्याची धुरा वॉलेस फॉक्स या इंग्रज डॉक्टरकडे होती. तोवर क्षय म्हटलं की सॅनिटोरियम. आपल्याकडे मिरज, पाचगणी; मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी. खाटा मोजक्या आणि रुग्ण लाखोंनी. मद्रासच्या डॉक्टरांनी काही रुग्ण सॅनिटोरियममध्ये ठेवले, काही त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच. औषधं दोघांनाही तीच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष आला: अपुऱ्या जेवणावर, दमट खोलीत राहून औषध घेतलेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. पुढच्या काही वर्षांच्या पाहणीत घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं नाही. सॅनिटोरियमचा काळ तिथे संपला.

पण रुग्ण घरी गेला आणि त्याच्यासोबत संशयही घरी गेला. गोळी घेतली हे कळणार कसं? मद्रासचे कर्मचारी न सांगता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवीचा नमुना घेऊन त्यात औषधाचा अंश शोधत. रुग्णाने स्वतःहून औषध घेण्याच्या प्रश्नावर फॉक्स यांनी १९५८ मध्ये स्वतंत्र लेखच लिहिला. त्यांचं निरीक्षण बारकाईचं होतं आणि ते आवश्यकही होतं. मात्र मद्रासला जो माणूस गोळ्या मोजायला घरी जात होता, तोच रुग्णाची विचारपूसही करत होता. पुढच्या काळात मोजणं टिकलं आणि घरापर्यंत जाणं आटलं.

१९९७ मध्ये सुरू होऊन टप्प्याटप्प्याने देशभर पोहोचलेल्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमाचा कणाच ‘डॉट्स’ होता. आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर यायचं आणि कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या. या कार्यक्रमाने लाखो जीव वाचवले, हे आधी नोंदवायला हवं. पण केंद्राची वेळ आणि कामाची वेळ एकच, त्यामुळे नाका-कामगाराला, घरकाम करणाऱ्या बाईला आठवड्यातून तीनदा मजुरी आणि गोळी यांतून निवड करावी लागे. शिवाय रोज औषध देणं जास्त खात्रीचं, हे जगात बहुतेक ठिकाणी मान्य झाल्यावरही आपण दिवसाआडच्या डोसावरच राहिलो. डॉ. रमण कक्कर यांच्या जनहित याचिकेवर जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ महिन्यांची मुदत घालून दिली, तेव्हा कुठे त्या वर्षाच्या अखेरीस रोजच्या गोळ्या देशभर सुरू झाल्या. आणि डोळ्यांदेखत गिळायला लावण्याचा फायदा किती? कॉक्रेनच्या आढाव्यात अशा रुग्णांत आणि घरी आपापल्या हाताने औषध घेणाऱ्यांत बरं होण्याच्या प्रमाणाचा ठळक फरक निघाला नाही.

त्यानंतर फोन आला. ‘नाइन्टीनाइन डॉट्स’ या योजनेत गोळ्यांच्या पाकिटामागे फोन नंबर लपवलेला असतो. गोळी काढली की तो दिसतो आणि रुग्णाने त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. कल्पना हुशारीची होती, खर्चही थोडा. पण चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत संशोधकांनी न सांगता घरी जाऊन लघवी तपासली, अगदी मद्रासला सहा दशकांपूर्वी तपासत तशीच, तेव्हा ही नोंद फारशी भरवशाची नसल्याचं दिसलं. गोळी घेऊनही फोन न करणारे होते, आणि फोन करूनही गोळी न घेतलेले होते. घरात एकच मोबाइल, तोही मुलाकडे, रेंज नाही, कॉल दिला काय नि न दिला काय, पलीकडून कोणी बोलत नाही. पहारा अधिक स्वस्त झाला. गोळी चुकण्याची कारणं होती तिथेच राहिली.

त्या कारणांत भूक सर्वांत वर येते. ‘गोळ्या गरम पडतात’ ही तक्रार ऐकली नाही अशी आशाताई महाराष्ट्रात सापडणार नाही. डॉक्टर ती अंधश्रद्धेच्या खात्यात टाकतात. पण आदल्या रात्री अर्धी भाकरी आणि सकाळी नुसता चहा घेतलेल्या पोटात चार औषधं एकदम गेल्यावर जे होतं, त्याला रुग्णाने दुसरं काय म्हणावं? औषध लागू पडल्यावर भूक वाढते, हाही त्रासच. घरात पाच खाणारी तोंडं असतील तर आपली वाढलेली भूक घेऊन बसायला माणसाला लाज वाटते. बाई असेल तर ती तसंही सगळ्यांच्या शेवटी जेवते.

झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी ‘रेशन्स’ नावाची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहात आले. सुमारे २८०० रुग्णांना औषधाच्या जोडीला दरमहा दहा किलोची शिधा-टोपली दिली: तांदूळ, डाळी, दूध पावडर, तेल. ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी आढळला. घरातल्या इतरांनाही शिधा मिळाला, तिथे नवा क्षय होण्याचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास घटलं. डाळ-तांदळाइतकी साधी गोष्ट एखाद्या लशीइतकं काम करते, हे वाचून मला आनंदाच्या आधी राग आला. गरिबीचा आणि क्षयाचा संबंध आपल्या आजीपणजीलाही माहीत होता. तो सिद्ध व्हायला २०२३ उजाडावं लागलं, आणि सिद्ध झाल्यावरही औषधाच्या पाकिटाबरोबर शिध्याची पिशवी हक्काने मिळत नाही.

एप्रिल २०१८ पासून ‘निक्षय पोषण योजने’त रुग्णाच्या खात्यात महिना ५०० रुपये जमा होऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. दिवसाला तेहतीस रुपये. रक्कम वाढली हे चांगलंच झालं. पण खातं हवं, ते आधारशी जोडलेलं हवं, नावातलं एक अक्षरही इकडचं तिकडे नको. वीटभट्टीवर गेलेल्या जव्हार-मोखाड्याच्या कातकरी कुटुंबाकडे यातलं काय धड असतं? जेवण सर्वांत आधी लागतं ते पहिल्या दोन महिन्यांत, आणि उशीर होतो तोही नेमका तेव्हाच. शिधा पहिल्या आठवड्यात, पहिल्या पाकिटाबरोबर, हातात मिळाला पाहिजे. यात तडजोडीला जागा आहे असं मला वाटत नाही. दाते गोळा करून टोपल्या वाटणारी ‘निक्षय मित्र’ योजना २०२२ पासून आहे, आणि त्या दात्यांचे आभारच मानायला हवेत. पण दाता मिळाला तर जेवण, हा आरोग्य कार्यक्रमाचा पाया होऊ शकत नाही.

दारूचं कारण सगळे आधी सांगतात. ते खरंही आहे. दारू पिणाऱ्यांचे उपचार जास्त तुटतात आणि यकृतावरचा भार वाढतो. मात्र क्षयरोग केंद्रात व्यसनमुक्तीचा समुपदेशक बसवला जात नसेल, तर दारूचं नाव घेणं हे रुग्णाला नापास करायचं निमित्त ठरतं.

औषधांच्या त्रासाबद्दल अधिक बोलायला हवं. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात, पायराझिनामाइडने सांधे दुखतात, इथॅम्ब्युटॉलने क्वचित नजर जाते, यकृताला सूज येऊन कावीळ होऊ शकते. यातलं बरंचसं वेळेवर सांगितलं तर आवरता येतं. मुंग्यांना तर साधी बी-६ची गोळी पुरते. पण विचारायचं कोणाला? औषधाला दाद न देणाऱ्या क्षयात ही परवड अनेक पटींनी वाढे. अगदी अलीकडेपर्यंत तो उपचार दीड ते दोन वर्षांचा होता आणि त्यात कित्येक महिने रोज इंजेक्शन. त्या इंजेक्शनने कायमचं बहिरेपण येऊ शकतं. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांना २०१३ मध्ये, विशीत, ते आलं. त्यांनी उपचार पूर्ण केले, रोगातून त्या बाहेर आल्या, ऐकू येणं मात्र गेलं. पुढे त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी, ज्यांचीही श्रवणशक्ती अशीच गेली होती, बेडाक्विलिन या नव्या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवायला भारतात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. आता इंजेक्शनं गेली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या नव्या पद्धतीत चार तोंडी औषधांनी सहा महिन्यांत अशा क्षयावर उपचार होतात. शिस्तीच्या व्याख्यानांनी जे साधलं नाही, ते सुसह्य औषधाने साधू शकतं.

घरातली भीती औषधापेक्षा जुनी आहे. लग्न ठरायचं असलेल्या मुलीच्या गोळ्या कपाटात साड्यांखाली असतात. नवी सून आजारी निघाली की ‘बरी झालीस की ये’ म्हणून माहेरी धाडली जाते. उपचारांचं कार्ड सासरच्या केंद्रात, बाई माहेरी. चाळीत आशाताई दाराशी आली की शेजारीण विचारते, म्हणून रुग्णच तिला सांगतो, येऊ नका. बायकांना आणखी एक गोष्ट हमखास सांगितली जात नाही: रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. उपचारांच्या मध्यावर दिवस गेले की घरातले क्षयाच्या गोळ्याच बंद करायला लावतात, बाळाला बाधतील म्हणून. प्रत्यक्षात या चार गोळ्या गरोदरपणातही देता येतात आणि त्या बंद करणं आई-बाळ दोघांनाही घातक असतं.

आता दवाखाना. १९९१ मध्ये डॉ. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी मुंबईतल्या शंभर खासगी डॉक्टरांना क्षयाची चिठ्ठी लिहायला सांगितली, तेव्हा ऐंशी वेगवेगळ्या पद्धती निघाल्या. जवळजवळ दोन दशकांनी डॉ. झरीर उदवाडिया यांच्या गटाने मुंबईतल्या १०६ खासगी डॉक्टरांना तेच विचारलं. त्रेसष्ट पद्धती निघाल्या. अचूक चिठ्ठी लिहिणारे सहा. याच डॉ. उदवाडियांनी २०११च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातल्या, जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि जग हादरलं.  चुकीची चिठ्ठी निष्ठेने पाळणाऱ्या रुग्णाला आपण कोणत्या रकान्यात घालणार?

आणि शेवटी गोदाम. मार्च २०२४ मध्ये नेहमीच्या क्षयाची औषधं देशभर कमी पडली. १८ मार्चला केंद्राने राज्यांना कळवलं की पुरवठ्याला उशीर होतो आहे, तीन महिन्यांपुरतं औषध स्थानिक पातळीवर विकत घ्या. महाराष्ट्रातही केंद्रांवर महिन्याच्या जागी आठवड्याच्या, कुठे चार-पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या गेल्या. माणसं परत परत रांगेत उभी राहिली, काहींनी दुकानांतून शोधलं, काही रिकाम्या हाताने घरी गेली. त्याआधी २०२३ मध्ये औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाची औषधं अशीच तुटली होती. रुग्णाच्या प्रत्येक डोसाची नोंद निक्षयमध्ये राहते. गोदाम रिकामं पडल्याच्या दिवसांची अशी रुग्णागणिक नोंद कुठे राहते? ती उघड, तालुकावार, रोजच्या रोज दिसली पाहिजे. सतरा दिवसांचा हिशोब रुग्णाला लावायचा असेल, तर आधी तो पुरवठ्याला लावा.

हे सगळं असूनही बहुसंख्य रुग्ण कोर्स पूर्ण करतात. ते साधतं ते कंत्राटावर, थोड्या पगारावर घरोघर जाणाऱ्या टीबी हेल्थ व्हिजिटरांमुळे आणि आशाताईंमुळे, आणि स्वतः बरे होऊन नव्या रुग्णाच्या शेजारी जाऊन बसणाऱ्या टीबी चॅम्पियनांमुळे. गोळी का चुकली हे न रागावता विचारणारा माणूस ज्याला भेटतो, तो सहसा सुटत नाही. या माणसांना कायम नोकरी आणि वेळेवर पगार देणं हे क्षयावरचं औषधच समजायला हवं.

जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी जवळजवळ एक भारतात आहे, म्हणजे वाचकांपैकी अनेकांच्या घरी, दुकानात, गाडीवर काम करणारं कोणी ना कोणी या सहा महिन्यांतून जाणार आहे. तसं झालं तर त्यांचं काम काढून घेऊ नका. योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत लागण होण्याचा धोका बराच उतरतो. तेवढ्या दिवसांची भरपगारी रजा द्या. पुढे गोळ्या आणायला महिन्यातून एक दिवस पैसे न कापता द्या, आणि सहा महिने डाळ, दूध, अंड्यांचा खर्च उचला. औषध सरकारी केंद्रात मोफत आहे. गोळ्या मिळत नसतील, त्रास होत असेल किंवा गाव बदलायचं असेल, तर देशभर चालणारा फुकट नंबर आहे: १८००-११-६६६६.